देवळातलं लाइव्ह दर्शन सारखं बंद पडतंय? तपासायला कुठून घ्यायचं

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातलं नेमकं कोणतं घडतंय ते कागदावर लिहून काढा, वेळेसकट. वेळ फार महत्त्वाची आहे, ती पुढे ठिकठिकाणी लागेल.

- वेबसाइटवर काळा चौकोन दिसतो, मध्ये गोल फिरत राहतं, चित्र येतच नाही.
- सकाळी व्यवस्थित चालतं आणि रोज साधारण एकाच वेळेला बंद पडतं.
- दिवसा ठीक, पण तिन्हीसांजेनंतर दर काही मिनिटांनी तुटतं.
- लाईट जाऊन आली की परत सुरू होत नाही. कोणीतरी देवळात जाऊन काहीतरी बंद-चालू केलं की होतं.
- चित्र दिसतं, पण खालचा अर्धा भाग राखाडी, माणसं ओढल्यासारखी, तुकडे तुकडे.
- यूट्यूबवर लाइव्ह दिसतं, पण वेबसाइटवर जुनाच, संपलेला व्हिडिओ दिसतो.
- वर्षभर बरं चालतं आणि शिमग्याला नाहीतर गणपतीत, पालखीच्या दिवशीच दगा देतं.

कोकणातल्या देवळांमध्ये बसवलेली ही जोडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. सभामंडपात किंवा गाभाऱ्यासमोर साधा आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कला जोडायचा कॅमेरा. तिथून वायर राऊटरला. राऊटरशेजारी एक छोटा संगणक, म्हणजे रास्पबेरी पाय किंवा कोणीतरी दिलेला जुना लॅपटॉप. तो कॅमेऱ्याचं चित्र घेऊन यूट्यूबला ढकलतो आणि देवस्थानच्या वेबसाइटवर यूट्यूबची चौकट लावलेली असते. स्वस्तात करायचं तर याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही. कारण साधं गणित आहे. एक एमबीपीएसचं चित्र तासाला साधारण ४५० एमबी खातं. मुंबई-पुण्यातले ५० चाकरमानी आरतीच्या वेळी एकदम बघायला लागले आणि चित्र तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून जात असेल, तर तीन तासांत ६५ जीबीच्या वर डेटा बाहेर जातो. यूट्यूबमध्ये देवळातून एकच धार वर जाते, पुढचं वाटप तिकडे होतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

बिघाड झाला की विश्वस्त मंडळाचा पहिला विचार असतो नवा कॅमेरा घेण्याचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली गत होते. कॅमेरा स्वतः मेलेला मी फार क्वचित पाहिला आहे. दोष बहुतेक वेळा विजेत, वायरीत, डेटात नाहीतर सेटिंगमध्ये असतो. म्हणून खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

घरबसल्या: यूट्यूब आणि वेबसाइट

पहिल्यांदा यूट्यूबच्या चॅनेलवर थेट जाऊन बघा. तिथे लाइव्ह दिसत असेल तर देवळात कोणालाही पाठवायची गरज नाही, दोष वेबसाइटच्या पानात आहे. या एका तपासणीत अर्धी साखळी बाजूला होते.

यूट्यूबवरचं प्रत्येक लाइव्ह हा वेगळा व्हिडिओ असतो आणि त्याचा आयडी वेगळा असतो. वेबसाइट बनवणाऱ्याने त्या दिवशीच्या व्हिडिओचा आयडी चिकटवून ठेवला असेल, तर ते लाइव्ह संपून नवं सुरू झालं की पानावर जुनंच राहतं. उपाय म्हणजे चॅनेलचा कायमचा लाइव्ह पत्ता लावणं. त्यात व्हिडिओचा नाही, चॅनेलचा आयडी असतो, ‘यूसी’ या अक्षरांनी सुरू होणारा. वेबसाइटवाल्याला ‘चॅनेलच्या आयडीवरून लाइव्ह एम्बेड लाव’ (एम्बेड म्हणजे पानात यूट्यूबची चौकट लावणं) एवढं सांगितलं तरी कळेल. लाइव्ह मात्र सार्वजनिक ठेवा आणि एम्बेड करायला परवानगी दिली आहे ना तेही बघा.

त्याच जोडीला यूट्यूब स्टुडिओत ‘ऑटो-स्टॉप’ बंद करा, ‘ऑटो-स्टार्ट’ चालू ठेवा. ऑटो-स्टॉप चालू असेल तर देवळात दोन मिनिटं नेट गेलं तरी यूट्यूब समजतं की कार्यक्रम संपला. ते बंद असलं की धार परत आल्यावर त्याच लाइव्हमध्ये चित्र पुढे चालू होतं. दुसऱ्या कोणी मोबाइलवरून त्याच स्ट्रीम-कीने (यूट्यूबला धार पाठवायची गुप्त किल्ली) काही करून बघितलं नाही ना, हेही विचारा. एका कीवर दोघं पाठवायला लागले की दोघांचंही बिघडतं.

आता आवाजाचं. देवळात लाउडस्पीकरवर रेकॉर्डेड भजनं, अभंग, आरत्या लावल्या जातात. कॅमेऱ्याच्या माइकमधून ते गाणं यूट्यूबला पोचतं, तिथलं यंत्र ते ओळखतं आणि कॉपीराइटच्या कारणाने लाइव्ह अडवलं जाऊ शकतं. स्टुडिओत तशी सूचना आलेली असते, पण ती कोणी उघडून बघत नाही. म्हणून दर्शनाच्या लाइव्हमधून कॅमेऱ्याचा आवाज काढून टाका असंच माझं ठाम मत आहे. फक्त आवाज नुसता बंद करून भागत नाही. आवाजाचा ट्रॅक अजिबातच नसला तर यूट्यूब बऱ्याचदा धार घेत नाही. एफएफएमपेगला (छोट्या संगणकातून यूट्यूबला धार पाठवणारा प्रोग्रॅम) शांत, रिकामा आवाज जोडायला सांगता येतं, तो जोडा. सभामंडपात लोक घरच्या अडीअडचणी बोलत बसलेले असतात, ते जगभर ऐकू जाऊ नये हेही आहेच.

वेबसाइटवर यूट्यूबऐवजी स्वतःच्या सर्व्हरचा प्लेअर असेल तर दोनच गोष्टी पाहा. पान एचटीटीपीएसवर आणि चित्र साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर ते सहसा चालू देत नाही. आणि प्लेअर आवाजासकट आपोआप सुरू व्हावा असं ठेवलं असेल तर मोबाइलवर तो सुरूच होत नाही. म्यूट करून सुरू करा.

डेटा: रोज ठरलेल्या वेळेला बंद पडत असेल तर

सिमवर चालणाऱ्या राऊटरवर हे हमखास. रोज २ जीबीचा पॅक असेल आणि चित्र एक एमबीपीएसने जात असेल, तर साडेचार तासांच्या आत तो संपतो. दीड जीबीचा पॅक ३ तास २० मिनिटांत संपतो. त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, चित्र जात नाही. रात्री १२ ला पॅक नव्याने सुरू होतो, पहाटेपर्यंत रिकामा गाभारा दाखवण्यात डेटा उडतो आणि काकड आरतीला लोक बघायला येतात तेव्हा गोल फिरत असतं. सुरुवातीला वेळ लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

इथे करायचं काय, तर चोवीस तासांचा हट्ट सोडायचा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, एवढंच लाइव्ह वेळापत्रकावर लावा. मुख्य स्ट्रीमऐवजी कॅमेऱ्याची सब-स्ट्रीम, म्हणजे कमी आकाराची दुसरी धार, घ्या आणि ती ५१२ केबीपीएसवर ठेवा. तासाला २३० एमबी, चार तासांचं जेमतेम एक जीबीच्या आत बसतं. देवाची मूर्ती हलत नसल्यामुळे कमी बिटरेटमध्येही (म्हणजे सेकंदाला कमी डेटा पाठवूनही) चित्र छान दिसतं. चोवीस तासच पाहिजे असेल तर एक एमबीपीएसला दिवसाला १०.८ जीबी, महिन्याला सव्वातीनशे जीबी लागतात. त्याला फायबरच घ्यावं.

स्पीड टेस्ट करताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून समाधान मानू नका. आपल्याला अपलोड लागतो. चित्राच्या बिटरेटच्या निदान दुप्पट अपलोड सतत मिळायला हवा, आणि तोही देवळातल्या राऊटरवर मोजलेला, शेजारच्या घरातला नाही.

पालखीच्या दिवशी बंद पडतं त्याचंही कारण इथेच आहे. एरवी गावात शे-दोनशे फोन असतात, त्या दिवशी मुंबईहून सगळे आलेले असतात आणि जो तो ढोल वाजायला लागला की फोन वर धरून व्हिडिओ कॉल लावतो. टॉवर तोच असतो, तुमच्या सिमच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. सणाच्या आदल्या दिवशी बिटरेट ३०० ते ४०० केबीपीएसवर उतरवून ठेवा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण दिसेल. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांच्यासाठीच तर हे सगळं केलेलं आहे.

देवळात गेल्यावर: साखळीचा मधला दुवा

आता लॅपटॉप किंवा फोन घेऊन देवळात जा आणि त्याच राऊटरच्या वायफायला जोडा. व्हीएलसी प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, म्हणजे त्याच्या चित्राची धार मिळते तो पत्ता, उघडा. चित्र आलं तर कॅमेरा, त्याची वीज आणि वायर निर्दोष. नाही आलं तर इंटरनेटचा काही संबंध नाही, दोष राऊटरच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. एवढं करण्याआधी कोणालाही पैसे देऊ नका.

लाईट जाऊन आल्यावर सुरू होत नसेल तर बहुधा कॅमेऱ्याचा आयपी पत्ता बदललेला असतो. राऊटर नव्याने चालू होतो, पत्ते नव्याने वाटतो, काल १०५ असलेला कॅमेरा आज १०८ होतो आणि छोटा संगणक १०५ वर वाट बघत बसतो. राऊटरमध्ये जाऊन कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्याला (यंत्राचा न बदलणारा क्रमांक) एक आयपी राखून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मी रडगाणी तिथे थांबतात.

पासवर्डमध्ये @ हे चिन्ह असेल तर आरटीएसपी पत्ता मोडतो, कारण त्याच चिन्हाने पत्त्यात पासवर्ड कुठे संपला ते ठरतं. त्याजागी %४० लिहावं लागतं (आकडे इंग्रजी घाला), नाहीतर पासवर्ड साध्या अक्षर-अंकांचा पण लांब ठेवा. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा मारू नका, बरेच कॅमेरे मग काही वेळ कोणालाच आत घेत नाहीत. आणि कॅमेरा एका वेळी मोजक्याच जोडण्या देतो. रेकॉर्डर, तीन विश्वस्तांचे फोन आणि आपला संगणक असे सगळे एकदम लटकले की शेवटचा बाहेर राहतो.

चित्र व्हीएलसीत दिसतं पण यूट्यूबवर काळं, तर कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जा. तिथे बहुतेक वेळा एच.२६५ असतं, ही चित्र दाबून लहान करायची एक पद्धत. रेकॉर्डरमध्ये जागा वाचवायला ते उत्तम आहे, पण या वाटेने जाताना अडतं. एच.२६४ करा. त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह किंवा ‘स्मार्ट’ असं काही असेल तर तेही बंद करा. त्या सोयीत कॅमेरा काही हलत नसेल तर पूर्ण फ्रेम फार उशिरा पाठवतो, आणि गाभाऱ्यात तर काहीच हलत नाही. यूट्यूबला पूर्ण फ्रेम दर दोन सेकंदांनी लागते, चारच्या वर नको. सेकंदाला १५ फ्रेम असतील तर आय-फ्रेम (म्हणजे पूर्ण फ्रेम) अंतर ३० ठेवा.

राखाडी पट्टे आणि ओढलेली माणसं दिसत असतील तर आरटीएसपी यूडीपीवरून येत असेल. त्यात हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही. एफएफएमपेगमध्ये टीसीपी सक्तीचं करा, त्यात तो मागवला जातो. कॅमेरा वायफायवर असेल तर सरळ वायर ओढा. जुन्या देवळाच्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय नीट पोचत नाही.

छोटा संगणक

एफएफएमपेग एकदा तुटला की स्वतःहून उठत नाही. त्याला सिस्टमडीची (लिनक्समधली प्रोग्रॅम चालू ठेवणारी व्यवस्था) सेवा करून ‘नेहमी पुन्हा सुरू कर’ असं सांगून ठेवा. कधी कधी तो मरतही नाही, अडकून बसतो, म्हणून वाट बघण्याची मुदतही घाला. रास्पबेरी पायला पुरेशी वीज लागते. ‘पाय ४’ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर द्या, मोबाइलचा चार्जर नको. पडद्यावर विजेचं छोटं चिन्ह येत असेल तर वीज कमी पडते आहे. लाईट गेल्यावर ‘पाय ४’ला वेळ आठवत नाही, तो नेटवरून घेतो. नेट उशिरा आलं तर चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित जोडणी नाकारली जाते, म्हणून घड्याळ जुळल्यावरच स्ट्रीम सुरू होईल असं लावा. सारखी लाईट जाते तिथे मेमरी कार्डही खराब होतं. जुना लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते, मी तोच पसंत करतो.

तिन्हीसांजेला तुटणं

हे लक्षण मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता फोनवर ऐकूनच मल्टिमीटर पिशवीत टाकतो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. अडॅप्टर राऊटरजवळ, कॅमेरा सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये तीसेक मीटर बारीक वायर असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं. कॅमेरा बंद होतो, दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा चालू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. रात्रभर हेच.

मोजायचं रात्रीच, कॅमेरा चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला. अडॅप्टरपाशी १२.१ आणि कॅमेऱ्यापाशी ८.९ असं दिसलं की दुसरीकडे शोधायला नको. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट, अधिक-उणे २५ टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे ९ च्या खाली त्याचा भरवसा नाही. दिवसा मोजलंत तर आकडा चांगला येईल आणि तुमची फसगत होईल. उपाय स्वस्तापासून: इन्फ्रारेड बंद करा, कारण गाभाऱ्यात समई किंवा बारीक बल्ब तेवत असतोच. मग अडॅप्टर २ अँपिअरचा घ्या आणि कॅमेऱ्याजवळ आणून लावा. शेवटी पीओई. त्यात नेटवर्कच्या वायरीतूनच ४८ व्होल्टच्या आसपास वीज जाते आणि १०० मीटरपर्यंत चालतं. केबल मात्र शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल पुन्हा तेच दुखणं देते.

पावसाळ्यानंतर बिघडलं असेल तर बाहेरचा जोड उघडून बघा. आरजे-४५ च्या, म्हणजे नेटवर्क वायरीच्या टोकाच्या प्लगच्या, पिना हिरव्या पडलेल्या असतात. पुसून काही दिवस चालतं, टिकत नाही. टोक कापून नवं क्रिम्प करा, पाणीबंद डब्यात ठेवा आणि वायर डब्याखाली वळसा देऊन मग वर घ्या, म्हणजे थेंब वळशावरून खाली पडतो, आत शिरत नाही.

पोर्ट फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका

कोणीतरी येऊन सांगतो की राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडा, म्हणजे कॅमेरा थेट वेबसाइटवर दिसेल. एकतर ब्राउझर आरटीएसपी चालवतच नाही. दुसरं, सिमवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर तुमच्या राऊटरला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. राऊटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या जोडणीच्या) पानावर १०० पासून सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला पत्ता दिसला तर तुम्ही कंपनीच्या सामाइक पत्त्यामागे आहात. १० ने सुरू होणारा असला तरी तेच. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. तिसरं कारण सगळ्यात मोठं: उघडा कॅमेरा कोणीही शोधून काढतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राऊटर लाखांनी ताब्यात घेतले होते. आपली धार आतून बाहेर जाते, त्यामुळे आपल्याला एकही पोर्ट उघडावं लागत नाही. दुरून दुरुस्ती करायची असेल तर टेलस्केलसारखं खासगी जाळं वापरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा असेल तर राऊटर रिसेट करू नका. फायबर तुटली किंवा वाकली आहे. नेटवाल्याकडे तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि तोवर काही हलवू नका. फायबरच्या उघड्या टोकात डोळा घालून बघू नका.

कॅमेऱ्याच्या किंवा डब्याच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी मेन स्विच पाडा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका. देवळात मुलं अनवाणी, ओल्या फरशीवर फिरत असतात. मल्टिमीटर फक्त १२ व्होल्टच्या बाजूला लावा, २३० च्या बाजूचं काम तुमचं नाही.

वीज पडून कॅमेरा, स्विच आणि राऊटर एकदम गेले असतील तर नवं सामान आणण्याआधी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन बघून घ्या, नाहीतर पुढच्या वळिवात नवंही जाईल. शिखरावर, कौलांवर, दीपमाळेवर चढायचं असेल तर त्यासाठी दोर आणि पट्टा असलेला माणूस बोलवा. गुरवाला किंवा गावच्या पोरांना शिडी धरायला लावून चढवू नका.

आणि व्हीएलसीत चित्र येत नाही, वीज मोजून बरोबर आहे, वायर बदलून झाली, कॅमेरा टेबलावर घेऊन आखूड वायरीने राऊटरला जोडला तरी दिसत नाही, असं झालं तर आता कॅमेरा विक्रेत्याकडे न्या. बिल आणि वॉरंटी बघा. स्वतः फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवत बसू नका, मध्येच लाईट गेली तर दुरुस्त होणारा कॅमेराही कायमचा जातो. नेताना सुरुवातीला लिहिलेला वेळांचा कागद आणि मल्टिमीटरचे आकडे बरोबर द्या. नुसतं ‘चालत नाही’ सांगितलं की तोही सगळं पहिल्यापासून बघत बसतो आणि त्या वेळेचे पैसे देवस्थान देतं.